जाळ्याचा आस

पहिल्या नजरेत जाळं दिसतच नाही. दिसतो एक फुगवटा. शेणकाल्याचा तपकिरी थर दिलेलं कापड आणि त्यावर पहाटेच्या धुक्यासारखं काहीतरी पांढुरकं पसरलेलं. डोंगराची पाठ म्हणावी तर कडा नाही, ढग म्हणावा तर आतून विणल्यासारखा. मग आपण जवळ जातो आणि लक्षात येतं की हा पांढुरका भाग रंग भरून केलेलाच नाही. तो नुसत्या रेघांचा आहे. केसासारख्या बारीक रेघा, एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या, आणि त्यांच्यामध्ये उरलेली तपकिरी भोकं. मी एकदा ती मोजायला बसलो होतो. पुस्तकातल्या छापील चित्रावर टाचणीचं टोक ठेवत ठेवत दोनशेच्या आसपास पोचलो, ओळ चुकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली. जे माझ्याकडून मोजून होत नव्हतं ते कुणीतरी काढून पुरं केलं होतं.

चित्र वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं. मासेमारीचं जाळं हा त्यांच्या आवडीचा विषय. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मापांच्या कापडांवर तो त्यांनी पुन्हा पुन्हा घेतला. मांडणी बदलते, गाभा तोच राहतो: जाळं अवाढव्य आणि ते टाकणारा माणूस बोटाच्या पेराएवढा. टोकाला टोक भिडवलेल्या दोन त्रिकोणांचं धड, काडीसारखे हातपाय, डोक्याच्या जागी एक ठिपका. नाक-डोळे नाहीत. तरी त्याच्या अंगाच्या झुकण्यावरून जाळ्याचं वजन कळतं.

‘तुम्ही चित्रं का काढता?’ असं विचारलं की बहुतेक चित्रकार ‘आतून येतं’ म्हणतात. उत्तर खोटं नसेल, पण माझं त्यानं कधी समाधान झालं नाही. आतून एक रेघ येईल, दहा येतील. एवढी भोकं कुणाच्या आतून येतात? आणि चारशेव्या भोकाशी हात अवघडला, पाठ दुखायला लागली की ते ‘आतलं’ कुठे जातं?

म्हसे यांच्या बाबतीत या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे, आणि ते इतकं काळजाला भिडणारं आहे की त्याच्यापुढे सहसा कुणी जात नाही. त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, १९३४च्या सुमाराचा. ते अगदी लहान असताना आई गेली आणि त्या धक्क्यानं मुलाचं बोलणंच थांबलं. पुढची काही वर्षं तो काही सांगायचं झालं की जमिनीवर, धुळीत बोटानं चित्र काढून दाखवायचा. म्हणजे वाचा गेली आणि रेघ आली. दुःखातून कला, असा सरळ हिशेब. त्यांच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ही हकिकत येते. आता माझ्याही लेखात आली.

मला ती अपुरी वाटते. पोरक्या मुलाचा मुकेपणा पहिल्या रेघेचं कारण सांगतो. पण जाळं काढणारा माणूस मुका नव्हता. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कलंबीपाड्यात त्याचं घर होतं, संसार होता, भाताची शेती होती. बोलायला तोंड होतं, ऐकायला माणसं होती. तरी तो दिवसचे दिवस भोकाशेजारी भोक काढत बसला. पहिली रेघ आणि हजारावी रेघ यांची कारणं वेगळी असतात, आणि चित्रकलेबद्दल बोलताना आपण नेहमी पहिलीबद्दलच बोलतो.

मराठीत चित्र ‘काढतात’. या क्रियापदाकडे आपलं लक्ष जात नाही इतकं ते रोजचं आहे. विहिरीतून पाणी काढतात, गाईची धार काढतात, पायातला काटा काढतात, गेलेल्या माणसाची आठवण काढतात, वाईट दिवसही काढतात. बहुतेक ठिकाणी काहीतरी आधीपासून आत आहे आणि ते बाहेर यायला हात लागतो. धुळीत बोट फिरवणारं पोर तर अक्षरशः काढत असतं. बोट जिथून जातं तिथली माती बाजूला सरते आणि मागे राहिलेला चर म्हणजे रेघ. धुळीतली रेघ ही वजा झालेली जागा असते. वारली भिंतीवर याच्या उलट. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा गिलावा, गेरू, आणि वर तांदळाच्या पिठाचं पाणी. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केलेली असते, ती या पिठात बुडवायची. इथे रेघ म्हणजे भर. मातीवर काहीतरी चढतं.

जाळ्याच्या चित्रात हे दोन्ही एका जागी आलंय. दोरा चढवलेला, भोक सोडून दिलेलं. आणि सोडून दिलेलं भोकच खरं कामाचं, कारण लहान मासा सुटायचा की मोठा अडकायचा हे तिथे ठरतं. मच्छीमारीत या भोकाला ‘आस’ म्हणतात. लहान आसाचं जाळं, मोठ्या आसाचं जाळं. हा आस आणि मनातली ती आस यांचं मूळ एक आहे की नाही, हे शब्दकोशवाल्यांनी बघावं. माझ्या कानाला ती दोन्ही एकमेकांची सख्खी वाटतात.

वारली बायका मात्र चौक ‘लिहितात’. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी मिळून लग्नचौक लिहितात. मोठा चौकोन, त्याला पट्ट्यांमागून पट्ट्यांची दाट किनार, मधे पालघट देवी, सगळ्या हिरवळीची, पिकापाण्याची आई. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या, ज्याच्या मानेतून डोक्याऐवजी कणसाचे कोंब फुटलेले असतात. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, देवांना बोलावते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. या बायकांनी चित्राखाली कधी नाव घातलं नाही. का लिहिता, याला त्यांच्यापाशी एका शब्दाचं उत्तर होतं: लग्न. प्रेरणा वगैरे शब्दाला तिथे बसायला पाटही नव्हता. भिंत पुढच्या सारवणात पुसली गेली तरी कुणी हळहळायचं नाही. काम झालेलं असायचं.

या परंपरेत पुरुषानं काडी हातात धरायचं कारण नव्हतं. जिव्यानं धरली. लग्न नसताना, सण नसताना धरली. पाड्यातल्या लोकांना ते किती विचित्र दिसलं असेल याची मी कल्पना करतो. आपल्याकडे एखादा बाप्या रोज सकाळी उठून दारात रांगोळी घालायला लागला तर आळीत जे बोललं जाईल, त्याच्या दुप्पट.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. ते स्वतः चित्रकार. १९६६-६७च्या बिहारमधल्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते मिथिलेला गेले होते, तिथल्या बायकांना कागद देऊन आले होते. वारल्यांकडेही त्यांनी कागद आणि रंग आणले. त्यातून म्हसे यांची चित्रं मुंबईला पोचली. १९७५मध्ये गॅलरी केमोल्डमध्ये प्रदर्शन झालं, १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातलं मोठं प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. ही यादी मी मुद्दाम एका दमात उरकतो आहे, कारण कागदानं त्यांच्या रेघेचं काय केलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

भिंतीवर मधली जागा देवीची. ती ठरलेली, हलवता येत नाही. किनारीच्या पट्ट्यांत साखळ्या, नागमोडी रेघा, त्रिकोणांच्या माळा भरत बसायचं तो बायकांचा खरा वेळखाऊ भाग. तिथेच हात मोकळा असतो, गप्पा चालतात, गाणं चालतं. कागदावर देवीची मधली जागा रिकामी झाली. देवी तिच्या लग्नाच्या भिंतीवरच राहिली, आणि तेच बरं. मग त्या रिकाम्या जागेत काय यावं? म्हसे यांच्या जाळ्यात मला वाटतं ती किनारच आत आली आणि सगळं चित्र व्यापून बसली. जे काम देवीभोवती अंग चोरून चालायचं तेच आता मधोमध. माझं हे वाचन कुणाला ओढूनताणून केलेलं वाटेल. पण चौकाची किनार आणि जाळ्याचा फुगवटा एकदा शेजारी ठेवून पाहावेत. एकच हात आहे. फक्त पट्टीची शिस्त सुटली आहे.

शिस्त सुटली हे महत्त्वाचं. हे जाळं पट्टीनं आखलेलं नाही. भोकं एका मापाची नाहीत. कुठे दाटतात, कुठे पसरतात, आणि जिथे दाटतात तिथे जाळ्याला वळण येतं, जिथे पसरतात तिथे ते हवेनं भरतं. छाया नाही, खोली दाखवायची कुठलीही क्लृप्ती नाही, तरी जाळं कापडावरून सुटून आपल्याकडे फुगतं. हे सगळं काडीच्या दाबात आहे. रंग संपत आला की रेघ बारीक होते, नव्यानं बुडवली की पहिल्या ठिपक्याशी जाड होते. बारकाईनं पाहिलं तर बुडवण्याच्या जागा सापडतात. पोहणारा जिथे जिथे श्वास घ्यायला डोकं वर काढतो तशा त्या जागा आहेत. म्हसे यांच्या चित्रांत काहीच स्वस्थ नसतं: मुंग्या चालतात, पानं हलतात, माणसं कामाला लागलेली असतात, तारपा वाजवणाऱ्याकडे तोंड ठेवून नाचणारी रांग गोगलगाईच्या शंखासारखी आत आत वळत जाते. जीवन म्हणजे हलणं, असं त्यांचं म्हणणं होतं. जाळ्यात तर एक पेरभर माणूस सोडला तर हलायला कुणी नाही. मग रेघच हलते.

२००३मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हसे यांची चित्रं रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामांबरोबर मांडली गेली. लाँग यांनी १९६७मध्ये इंग्लंडमधल्या एका कुरणात एकाच सरळ रेषेत मागेपुढे चालून गवत दबवलं, त्या वाटेचा फोटो घेतला; तीच कलाकृती. पायानं काढलेली रेघ. ही जोडी कुणी जमवली ते देव जाणे, पण नेमकी जमवली. त्यांच्यात भाषा, देश, शिक्षण यांतलं काहीच सारखं नाही. एक धुळीतून सुरू झालेला, एक गवतातून. दोघांची रेघ म्हणजे इथून कुणीतरी पुन्हा पुन्हा गेलं एवढीच खूण.

आता वारली चित्रं पडद्यांवर, कपांवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर दिसतात. तारप्याचा फेर तर गणपतीच्या मखरालाही चालतो. माझी त्याबद्दल फार तक्रार नाही. कुणाचं तरी घर त्यावर चालतं. मात्र त्या छपाईत प्रत्येक माणूस शेजारच्याची हुबेहूब नक्कल असतो आणि काडी बुडवल्याची जागा कुठेच सापडत नाही. जाळं मात्र कपावर मी अजून पाहिलेलं नाही. बहुधा तिथे ते मळल्यासारखं दिसेल.

किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा माणसं ओटीवर जाळी दुरुस्त करत बसतात. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणलेलं, हातात सुई, तोंडानं बोलणं चालू. त्यांना कुणी प्रेरणेबद्दल विचारत नाही. फाटलेला आस दिसला की हात तिकडे जातो, तो झाला की शेजारचा दिसतो. म्हसे यांचं चित्र पाहताना मला जाळं फेकणाऱ्यापेक्षा हे विणणारेच जास्त आठवतात. म्हसे यांनी जाळं दुरून पाहून रंगवलेलं नाही, गाठीगाठीनं विणलं आहे. कोळ्याच्या सुईच्या जागी काडी, एवढाच फरक.

मोजणी फसली त्या दुपारी मी वहीचं एक पान घेतलं आणि पेन्सिलीनं तळहाताएवढं जाळं उतरवायला बसलो. मला चित्रकला येत नाही. शाळेत नारळाची झाडं आणि उगवता सूर्य यापलीकडे मजल गेली नाही. पहिली दहाबारा भोकं फार वाईट आली. मी खोडरबर शोधलं, सापडलं नाही, म्हणून तशीच पुढे गेलो. एक भोक मोठं झालं म्हणून त्याला सावरायला शेजारचं लहान केलं, त्यामुळे खालचं तिरकं झालं, आणि त्या तिरकेपणामुळे एका बाजूला किंचित फुगवटा आल्यासारखा दिसला. तो वाढवावा म्हणून आणखी काढली. किती काढली ते मोजलं नाही. कुकरच्या शिट्ट्याही मोजायच्या राहिल्या. करपल्याचा वास आला तेव्हा उठलो. भात खाली लागला होता. वरचा वरचा काढून घेतला.