शून्य वेगाचा पेच : मोटारशर्यतीच्या सिम्युलेटरमधील मंदगती-वास्तवाची समीक्षा

मोटारशर्यतीच्या सिम्युलेटरचे मूल्यमापन बहुधा अतिवेगाच्या निकषावर केले जाते. वळणावर टायरची पकड कोठे सुटते आणि सुटलेली गाडी चालकाला सावरता येते का, यावरून त्याची वास्तवता ठरविली जाते. १९६७ च्या हंगामातील मोटारी पडद्यावर आणणाऱ्या 'ग्रां प्री लेजंड्स'ने (१९९८) या निकषाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे 'असेटो कोर्सा'मध्ये (२०१४) तर धावमार्ग लेझरने मोजून उभे करण्यात आले. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. प्रस्तुत लेखात मात्र या साधनाकडे दुसऱ्या टोकाने, ताशी शून्य ते दहा किलोमीटर या पट्ट्यातून पाहावयाचे आहे.

डहाणू-तलासरी परिसरातील चालकाचे कौशल्य याच पट्ट्यात कसाला लागते. घोलवडच्या वाडीत चिकूचे क्रेट भरण्यासाठी टेम्पो अरुंद वाटेने मागे घेणे, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेतील गर्दीतून हाफ क्लचवर गाडी सरकविणे, जव्हारकडील चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढे काढणे, ही येथील नित्याची कामे होत. चढावरून गाडी मागे न घसरता पुढे नेता येणे ही अपेक्षा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही परीक्षार्थीकडून केलेली आहे.

प्रस्तुत लेखकाने एका शर्यतीच्या सिम्युलेटरमध्ये गाडी चढावर उभी केली, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढला आणि पाहत राहिलो. चाके फिरत नव्हती; तरीही गाडी गोगलगाईच्या गतीने खाली सरकत होती. याच गाडीने त्याआधी ताशी दोनशे किलोमीटरच्या वळणावर अत्यंत विश्वसनीय वर्तन केले होते. ही विसंगती निष्काळजीपणाची नसून सिद्धान्ताची आहे, असे म्हणावे लागेल.

डेल्फ्ट येथील पासेय्का आणि व्होल्वो यांच्या सहकार्यातून १९८७ मध्ये पुढे आलेले 'मॅजिक फॉर्म्युला' हे सूत्र टायर-गणिताचा एक आधारस्तंभ आहे. त्यात टायरचे बल 'स्लिप रेशो'वरून काढले जाते. चाकाच्या परिघाचा वेग व गाडीचा वेग यांतील फरकास गाडीच्या वेगाने भागले की हे गुणोत्तर मिळते. गाडी सेकंदाला ५० मीटर धावत असता ०.१ मीटरचा फरक म्हणजे ०.२ टक्के घसर. तोच फरक सेकंदाला ०.१ मीटर वेगाला शंभर टक्के ठरतो आणि गणिताच्या दृष्टीने चाक पूर्णपणे घसरू लागते. वेग शून्य झाला की भागाकारच अर्थहीन होतो. गणन सेकंदाला शेकडो वेळा होत असल्याने बलाची दिशा दर टप्प्याला उलटते व उभी गाडी थरथरते.

याहून मूलभूत अडचण वेगळीच आहे. या सूत्रात घसर नसेल तर बल नाही. एक हजार किलोची गाडी दहास एक अशा चढावर उभी असेल, तर तिला खाली ओढणारे बल सुमारे ९७५ न्यूटन असते. ते तोलण्यासाठी सूत्रातील टायरला थोडे तरी घसरावेच लागते. खरा टायर येथे घसरत नाही. त्याचे रबर स्प्रिंगसारखे ताणले जाते आणि त्या ताणातून बल उपजते. म्हणजे सूत्राच्या जगात चढावर स्वस्थ उभे राहणे शक्यच नाही!

उपाय अज्ञात नाहीत. बर्नार्ड आणि क्लोव्हर यांनी १९९५ मध्ये घसर भागाकाराने न काढता अवकल समीकरणाने, म्हणजे रबराच्या ताणास वाढण्या-ओसरण्यास अवधी देऊन, काढण्याची रीत मांडली. तीत थांबलेली गाडी झोके घेऊ लागते, म्हणून वेगळे अवमंदन जोडावे लागते. परंतु शर्यतीचा खेळाडू आरंभरेषा सोडल्यावर या पट्ट्यात क्वचितच येतो. त्यामुळे काही ठिकाणी अल्पवेगाला गाडी कृत्रिमरीत्या 'चिकटवून' ठेवण्याची सोय केलेली आढळते. खेळापुरती ती क्षम्य मानता येईल.

प्रशिक्षणात मात्र ती क्षम्य नाही. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर आवश्यक ठरला असून, तेथील अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते. प्रशिक्षणाचा सिम्युलेटर शर्यतीच्या खेळाहून वेगळा असतो हे खरे. पण टायरचे गणित दोहोंनाही सोडवावेच लागते. चिकटविलेल्या गाडीवर शिकलेल्या मुलाच्या पायाला क्लच कोठे पकडतो हे कळणार नाही, आणि प्रत्यक्ष चढावर त्याच्या मागे दुसरी गाडी उभी असेल. म्हणून असे यंत्र घेणाऱ्या केंद्राने त्यावरील महामार्गाच्या देखण्या चित्रांनी दिपून जाण्यापूर्वी गाडी चढावर पाच मिनिटे उभी करून पाहावी. मग हातब्रेक सोडून, केवळ हाफ क्लचवर ती तेथेच तोलून धरता येते का, हे एखाद्या जुन्या टेम्पोचालकाकडून तपासून घ्यावे.