उंबरठ्याच्या आतले प्रवासवर्णन

गेल्या काही वर्षांत आपल्या सीमाभागात एक प्रथा चांगलीच रुजली आहे. घरातला कर्ता पुरुष गेला की वर्षश्राद्धाच्या सुमारास त्याच्या आठवणींची एखादी पुस्तिका काढायची. मुखपृष्ठावर छायाचित्र, आत दोन-तीन स्नेह्यांचे लेख, मुलांची मनोगते आणि शेवटी, बहुतेक वेळा सर्वांत कमी जागेत, पत्नीचे चार शब्द. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अशा पुस्तिका माझ्याकडे बऱ्याच येतात आणि मी त्या मनापासून वाचतो. त्यांत एक वाक्य हमखास भेटते : ‘त्यांना प्रवासाची अतिशय आवड होती.’ पुढे काशी-रामेश्वरापासून हिमालयापर्यंतच्या ठिकाणांची यादी येते आणि परिच्छेद संपतो.

या वाक्याशी माझे मन नेहमी अडते. माणूस प्रवासाला निघाला म्हणजे घराचे दार कोणीतरी आतून लावून घेतलेले असते. गेलेल्याला जशी वाट असते, तशी मागे राहिलेल्यांना वाट पाहणे असते. प्रवासी पतीची आणि पित्याची खरी आठवण लिहायची, तर या दोन्ही बाजू लिहायला हव्यात. एक बाजू लिहिली तर गौरवग्रंथ होतो आणि दुसरीच लिहिली तर गाऱ्हाणे होते. दोन्ही बाजू एका पानावर नांदवणारे पुस्तक मराठीत आहे का, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा माझा हात एकाच पुस्तकाकडे जातो : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

या पुस्तकावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. कोणी त्यातल्या विनोदावर लिहिले, कोणी धर्मांतराच्या प्रकरणावर, कोणी बोलीच्या सहजतेवर. ते सगळे योग्यच आहे. पण एका भटक्या माणसाचे, घरात बसून लिहिलेले प्रवासवर्णन म्हणून हे पुस्तक फारसे वाचले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात तसे वाचण्याचा माझा प्रयत्न आहे.

आधी परंपरेविषयी थोडे. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा उगम बराचसा पतीच्या आठवणींत आहे. रमाबाई रानडे यांचे १९१० सालचे पुस्तक ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. त्यातला ‘आमच्या’ हा शब्द पुरेसा बोलका आहे. न्यायमूर्तींचे नोकरीतले दौरे त्यात आहेत, पण ते सरकारी शिस्तीचे. कधी निघायचे, कुठे उतरायचे हे ठरलेले. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. अण्णासाहेब कर्वे संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत आयुष्यभर फिरले आणि १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जगाच्या प्रवासाला निघाले. तिथे प्रवासाला कार्याचे कारण आहे आणि कारण असले की मागे राहिलेल्या माणसाला निदान कोणाला तरी सांगण्यासारखे उत्तर मिळते. लक्ष्मीबाईंना पुष्कळदा तेवढेही मिळाले नाही.

नारायण वामन टिळक हे जात्याच उठून चालू लागणारे गृहस्थ. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले तेव्हा जलालपूरच्या गोखल्यांची ही मनू अकरा-बारा वर्षांची होती. पुढची चाळीस-एक वर्षे नाशिक, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, नगर, राहुरी, सातारा अशी गावे या संसाराने पाहिली. त्यांतली बरीचशी टिळकांनी आधी पाहिली आणि लक्ष्मीबाईंनी मागाहून. कधी सांगून, कधी न सांगता टिळक निघून जातात. घरच्यांनी शोध घ्यायचा, पत्राची वाट पाहायची, तोवर कोणाच्या तरी आधाराने राहायचे, आणि एक दिवस टिळक काहीच न घडल्यासारखे दारात उभे. पुस्तकाच्या पूर्वार्धाची लय हीच आहे. वाचक आधी हसतो. मग त्याच्या ध्यानात येते की या हसण्याखाली एका तरुण मुलीची अनेक वर्षे गेलेली आहेत.

टिळकांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटनासुद्धा प्रवासातच सुरू झाली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा मिशनरी भेटला. त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतली एक भेट आणि त्यापायी इकडे एक घर दुभंगले. त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे काढली. त्यातला मोठा काळ पंढरपुरात गेला. विठोबाच्या गावी, नवरा ख्रिस्ती झालेली एक सोवळी ब्राह्मण स्त्री राहते, या परिस्थितीतला ताण वेगळा सांगायला नको.

इथे लक्ष्मीबाईंच्या लेखनाची खरी कसोटी होती. सामान्य लेखणीने या ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट केली असती. धर्मांतरानंतर लिहायला बसलेली स्त्री म्हणून पतीच्या निर्णयाला ईश्वरी योजना ठरवून मधल्या वर्षांवर पांघरूण घातले असते, किंवा टाकलेल्या बायकोच्या हक्काने त्याच वर्षांची बेरीज मांडली असती. लक्ष्मीबाई यांपैकी काहीच करीत नाहीत. त्या वर्षांतला आपला आक्रोश, आपला राग, आपले आजारपण त्या त्या वेळी जसे होते तसे सांगतात. पुढे आपले मन बदलले म्हणून मागचा राग खोटा ठरवीत नाहीत. आणि त्याच वेळी टिळकांचे प्रेम, त्यांची घालमेल, बायकोवर धर्माची सक्ती न करता तिची वाट पाहण्याचा त्यांचा धीर, हेही तितक्याच मोकळेपणाने मांडतात. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या पावलांनी आणि आपल्या विचाराने. जातिभेद माणसांनी केला आहे, हे त्यांचे त्यांना पटले तेव्हा.

या वृत्तीला आपले समीक्षक ‘क्षमाशीलता’ म्हणतात. मला तो शब्द बरोबर वाटत नाही. क्षमा करणारा हिशेब मिटवून टाकतो. लक्ष्मीबाई हिशेब मिटवीत नाहीत. त्या तो पूर्ण लिहून काढतात, जमा आणि खर्च दोन्ही बाजूंनी. त्यांचा विनोद या हिशेबाची शाई आहे. विनोदामुळे दुःख हलके होते असे आपण म्हणतो खरे, पण इथे विनोदामुळे दुःख सांगता येते. ज्या घटनेवर रडायचे तिच्यावर हसले की सांगणाऱ्याला ती घटना सगळी सांगता येते, मध्ये थांबावे लागत नाही. म्हणून टिळकांचे वेंधळेपण, उधळेपण, तापटपणा यांतले काहीही न झाकता हा माणूस आपल्याला प्रिय होतो. झाकून लिहिलेल्या गौरवग्रंथांतली माणसे अशी प्रिय होत नाहीत.

पित्याच्या बाजूने पाहिले तर प्रकरण अधिक अवघड आहे. टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. पुढे टिळकांच्या घरात परक्यांची मुले वाढली. बालकवी ठोमरे नगरच्या त्यांच्या घरात मुलासारखे राहिले. पण या फुलामुलांच्या कवीचा स्वतःचा मुलगा, १८९१ साली जन्मलेला दत्तू, बालपणाची मोक्याची वर्षे वडिलांपासून दूर राहिला. लक्ष्मीबाई हा विरोध अधोरेखित करीत नाहीत. त्या फक्त दत्तूला प्रत्येक प्रसंगात हजर ठेवतात. आजोळी, पंढरपुरात, नगरला हे पोर कुठेतरी असतेच. टीका करण्याची याहून सभ्य आणि याहून परिणामकारक रीत मला माहीत नाही.

आणि गंमत पाहा, या आठवणी लिहिल्या गेल्या त्याच दत्तूमुळे. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या चरित्रासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, या देवदत्तांच्या आग्रहातून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. पुस्तकाचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या आणि अपुरा राहिलेला शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला. म्हणजे ज्याचे वडील सतत वाटेवर होते, त्यानेच आईच्या हाती लेखणी दिली आणि तिच्या हातून सुटली तेव्हा स्वतः उचलली. वडिलांचे चरित्र मागायला गेलेल्या मुलाला आईचे आत्मचरित्र मिळाले. मराठी साहित्याला याहून मोठा लाभ क्वचितच झाला असेल.

१९५० साली निघालेल्या या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतराला ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले गेले. ‘मी मागोमाग येते’ असा त्याचा अर्थ. नाव सुरेख आहे, पण माझ्या मते अपुरे आहे. पूर्वार्धापुरते ते खरे. उत्तरार्धातल्या लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत काम करतात, वसतिगृह सांभाळतात, टिळकांच्या पश्चात कराचीपर्यंत जाऊन राहतात आणि टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेतात. मागोमाग जाणारी बाई चालता चालता स्वतःच प्रवासी झाली. टिळकांनी आपल्या भ्रमंतीचे वर्णन लिहून ठेवले नाही. आज ती भ्रमंती आपल्याला ठाऊक आहे ती वाट पाहणारीने लिहिली म्हणून.

हे किती दुर्मीळ आहे ते कळण्यासाठी आपल्या शेजारचेच एक उदाहरण घेतो. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. १८७६ चा जन्म, घरची माडांची बागाईत. ‘बालबोधमेवा’ मासिकातला बुद्धाविषयीचा एक लेख वाचण्यात आला आणि या माणसाला वेड लागले. १८९९ च्या अखेरीस, थोरली मुलगी तान्ही असताना, त्यांनी घर सोडले. पुणे, इंदूर, ग्वाल्हेर असे करीत काशी गाठली. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळ, बुद्धगया, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. सुमारे सात वर्षांनी ते गोव्यात परतले. पुढे कलकत्त्याच्या विद्यापीठातली अधिक पगाराची नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले, आणि १९१० साली अमेरिकेला गेले तेही बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठीच. १९२४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘निवेदन’ हे मराठीतले अत्यंत सच्चे आत्मकथन आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. स्वतःला मोठे करण्याचा मोह त्यात नाही. उपाशी राहिलो, फसलो, घाबरलो हे ते सरळ सांगतात. घर सोडतानाची व्यथाही सांगतात.

पण ‘निवेदन’ ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कोसंबींच्या पुस्तकात पत्नी बाळाबाईंचा उल्लेख आहे, आवाज नाही. त्या सात वर्षांत सांखवाळच्या त्या घरात काय घडले? तान्ही मुलगी चालू लागली, बोलू लागली, बाप कुठे आहे असे विचारू लागली असेल, तेव्हा तिला काय उत्तर दिले गेले? गावाने काय म्हटले, सासर-माहेरने काय म्हटले? यातले काहीच लिहिले गेले नाही. हा कोसंबींच्या लेखनाचा दोष मानायचे कारण नाही. वाटेवरचा माणूस वाटेचे लिहिणार, घरचे लिहिणे त्याला शक्यच नव्हते. ते ज्यांना शक्य होते त्यांच्या हाती कोणी लेखणी दिली नाही. १९१८ साली कोसंबी पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा माणिक आणि दामोदर ही दोन्ही मुले त्यांच्याबरोबर होती. बापाचा प्रवास मुलांच्याही वाट्याला आला. आईचे मागे राहणे मात्र कोणाच्याच पुस्तकात आले नाही.

टिळक आणि कोसंबी यांच्यात थोर कोण, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. दोघेही आपल्या शोधाशी इमानी होते आणि दोघांनीही त्या शोधाची किंमत घरच्यांना मोजायला लावली. फरक आहे तो नंतरचा. टिळकांच्या घरची किंमत शब्दांत उतरली, म्हणून टिळक आपल्याला सबंध माणूस म्हणून भेटतात. कोसंबी आपल्याला पंडित आणि यात्रिक म्हणून भेटतात. पती आणि पिता म्हणून ते अर्धेच भेटतात, कारण त्यांची उरलेली ओळख एका निरोप न लिहिलेल्या बाईबरोबर गेली.

म्हणून आपल्या पुस्तिकांतल्या त्या ठरीव वाक्याकडे मी पुन्हा येतो. ‘प्रवासाची आवड होती’ हे वाक्य खोटे नसते, ते फक्त फार लवकर संपते. ते पुढे नेण्याचा अधिकार आणि साहित्य दोन्ही ज्यांच्यापाशी असते, त्यांना आपण शेवटचे अर्धे पान देतो आणि चार शब्द लिहा म्हणतो. लक्ष्मीबाईंचे रीतसर शिक्षण जवळपास नव्हते. त्यांना अक्षरे आली ती संसार करता करता, टिळकांच्याच शिकवण्यातून. तरी त्यांनी जे लिहिले त्यापुढे भल्याभल्या पदवीधरांचे लेखन फिके पडते, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे होते आणि ऐकणाऱ्या मुलाने ‘थोडक्यात सांग’ असे म्हटले नाही. गेलेल्या माणसाचा मान राखण्यासाठी त्याचे दोष गाळावे लागत नाहीत, हे ‘स्मृतिचित्रे’ने १९३४ सालीच सिद्ध केले. त्याचे सगळे प्रवास मांडावेत आणि प्रत्येक प्रवासात घरी काय चालले होते तेही मांडावे. तेवढ्याने त्याची आठवण पुरी होते.