हिरोशिगेच्या काष्ठमुद्राचित्रांतील निसर्गप्रतीके : एक पुनर्विचार

जपानी काष्ठमुद्राचित्रांची, म्हणजे ‘उकियो-ए’ची, चर्चा करताना ‘जपानी माणसाचे निसर्गप्रेम’ हे सूत्र इतक्या सहजतेने पुढे केले जाते की प्रत्यक्ष चित्र पाहण्याची गरजच उरत नाही. उतागावा हिरोशिगे (१७९७-१८५८) याच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ या मालिकेच्या आधारे या सूत्राचा फेरविचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही मालिका १८५६ मध्ये निघू लागली. त्याआधी नोव्हेंबर १८५५ मध्ये भूकंप व आगींनी एदो (आजचे टोकियो) शहराची मोठी हानी केली होती. लोकसमजुतीनुसार भूकंप घडविणाऱ्या महाकाय माशाची चित्रे तेव्हा विनापरवाना छापली गेली व शासनाने ती दडपली. हिरोशिगेची मालिका मात्र शासकीय परीक्षणातून गेलेली होती. तिच्यात ढिगारे नाहीत, ऋतू आहेत. त्याच्या मृत्यूनंतर तिची मांडणीही चार ऋतूंनुसारच झाली.

मालिकेतील असाकुसा येथील मंदिराच्या चित्रात लाल द्वार, लाल कंदील, लाल पॅगोडा आणि सर्वत्र हिम आहे. परीक्षणमुद्रेनुसार हे चित्र १८५६ च्या सातव्या चांद्रमासातील, म्हणजे हिमवर्षावाचा काळ नसतानाचे आहे. भूकंपात या पॅगोड्याचा शिखरदंड वाकला होता; चित्रात तो सरळ उभा आहे. लाल-पांढरी रंगजोडी जपानमध्ये मंगलसूचक मानली जाते. त्यामुळे हे हिम पुनरुभारणीचे शुभचिन्ह होय, हा अभ्यासकांनी लावलेला अर्थ सयुक्तिक वाटतो.

कामेइदो येथील उमे (प्लम) वृक्षाच्या १८५७ मधील चित्रातही असेच दिसते. थंडी सरण्यापूर्वी फुलणारा उमे हे चिकाटीचे परंपरागत प्रतीक. परंतु हा वृक्ष रानातला नाही. जाड फांद्यांच्या पलीकडे कुंपण आहे आणि फुले पाहण्यास जमलेले नागरिक आहेत. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये या चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली. रचना युरोपात पोहोचली; जिच्यासाठी ती फुले उमलली होती ती नगरी मागे राहिली.

मालिकेतील प्रत्येक चित्रात भूकंप शोधणे अतिरेकी ठरेल. तथापि, केवळ निसर्गप्रेमाची साक्ष म्हणून ही चित्रे वाचल्यास त्यांतील माणसांचे दुःख व त्यांची उभारी दोन्ही नजरेआड होतात. हिरोशिगेचा ऋतू हा, उद्ध्वस्त झालेल्या शहराने आपले जीवनक्रम अखंड असल्याचा स्वतःला दिलेला दिलासा आहे.