पात्यासाठी सोडलेली जागा

आमच्या घरात भाजी कापत नाहीत, सुधारतात. 'काप' हा शब्द स्वयंपाकघरात काढायचा नाही, असं आईनं मला विळीवर पहिल्यांदा बसवलं तेव्हाच बजावलं होतं. अशा बाईनं जपानी तलवारींच्या संग्रहावर लिहावं, याचं पहिलं हसू मलाच आलं.

झालं ते असं. माझ्या मैत्रिणीचे यजमान नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं जपानात होते. तिथून त्यांना त्सुबा जमवण्याचा नाद लागला. हैदराबादेत त्यांच्याकडे चहाला गेलं की चहाआधी लाकडी डब्या निघतात. "वहिनी, घाबरू नका. ही तलवार नव्हे, नुसता दागिना समजा," असं म्हणत त्यांनी पहिला त्सुबा माझ्या तळहातावर ठेवला, तो थंड आणि अपेक्षेपेक्षा जड होता. सालारजंग म्युझियममध्ये पाहुण्यांना घेऊन जाताना जपानी दालनातल्या सामुराई तलवारी मी कितीदा तरी ओलांडल्या असतील. पण काचेपलीकडच्या वस्तूला वजन नसतं.

आपल्या तलवारीच्या मुठीला परज असते, तशी जपानी तलवारीत मूठ आणि पातं यांच्यामध्ये ही चपटी चकती असते. साधारण सात-आठ सेंटिमीटरची. हात घसरून धारेवर जाऊ नये आणि तलवारीचा तोल राहावा, एवढंच तिचं काम. पण एवढ्याशा जागेत कारागिरांनी काय काय आणलं! उडते बगळे, चाकं, भोपळे, पावसात वाकलेलं गवत. चतुर तर पुष्कळदा दिसतो, कारण तो मागे उडत नाही अशी समजूत, म्हणून लढवय्यांना तो शुभ.

हळूहळू माझी आवडनिवड ठरली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले बरेच त्सुबा मला दाटीवाटीचे वाटतात. तांब्यात थोडं सोनं मिसळून काळाभोर केलेला शाकुदो नावाचा धातू, त्यावर सोन्याचांदीची फुलं, माणसं, ढग. लग्नातल्या रुखवतासारखं सगळं एकदम मांडलेलं. हात अचाट आहे यात शंका नाही, पण डोळा कुठे टेकवावा कळत नाही. त्यापेक्षा जुने, आरपार कोरलेले लोखंडी त्सुबा मला मोठे वाटतात. लोखंडाचा रंग जांभळट काळा, कड हाताळून गुळगुळीत झालेली, आणि नक्षी म्हणजे काढून टाकलेलं लोखंड. मियामोतो मुसाशी हा सतराव्या शतकातला प्रसिद्ध तलवारबाज. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका नमुन्यात तर दोन्हीकडे दोन लांबट पोकळ्या आहेत, बाकी काही नाही. पाहत बसावं.

मग माझ्या लक्षात आलं की मी सगळीकडे पाहते आहे, मधल्या भोकाकडे सोडून.

प्रत्येक त्सुबाच्या मधोमध पाचरीच्या आकाराचं एक भोक असतं. त्यातून पातं जातं. भोकाच्या कडेला कुठे छिन्नीचे ठोके दिसतात, कुठे वर-खाली तांब्याचे बारके तुकडे बसवलेले असतात. पातं बदललं की भोक सैल पडायचं, मग ठोकून, तांबं घालून ते नव्या पात्याला घट्ट बसवायचं. म्हणजे पाती आली नि गेली, त्सुबा राहिला. चित्राच्या बाजूला त्सुबा फूल असतो, पक्षी असतो. भोकाच्या जागी मात्र तो तलवारीचा भागच असतो. चांगला कारागीर हे मान्य करून नक्षी त्या भोकाभोवती उभी करतो. कच्चा कारागीर ते नाहीच असं समजून चित्र काढतो, आणि मग बिचाऱ्या बगळ्याच्या पोटातून पातं जातं.

संग्राहकांचंही तसंच. त्यांनी भोक पाहू नये अशी सोय इतिहासानंच केली. १८७६ साली जपान सरकारनं रस्त्यात तलवार बाळगायला बंदी घातली, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्सुबा घडवणाऱ्या घरांचं पोटच गेलं. कानो नात्सुओसारखा थोर कारागीर, छिन्नीनं कुंचल्याची रेघ ओढणारा, टांकसाळीच्या नाण्यांचे नमुने करत होता. उतरवलेले त्सुबा पेट्या भरभरून युरोप-अमेरिकेत गेले. पातं मागे राहिलं, चकती पुढे गेली. कपाटात तिच्याकडे पाहून कुणाला तलवार आठवण्याचं कारणच उरलं नाही. पुढे तर परदेशी गिऱ्हाइकासाठीच नवे घडवले गेले, ज्यांतून कधी पातं गेलंच नाही.

आता पात्याचं. एकदा भावोजींनी मला एका व्यापाऱ्याचा कॅटलॉग दाखवला. पात्यांचं वर्णन वाचून मी थक्क झाले. धारेवरची पांढरी नागमोडी रेघ लवंगेच्या फुलांसारखी, पोलादातले कण वाहत्या वाळूसारखे, मध्येच वीज. सगळी भाषा बागेची आणि हवामानाची. शिकून घेतली तर ती खोटी नाही, पात्यावर खरंच तसं दिसतं. मुठीत लपणारा भाग ही मंडळी कधी घासत नाहीत, कारण तिथला गंज हाच वयाचा दाखला. कारागिराची सही तिथेच असते, आणि खोट्या सह्याही तिथेच.

त्या पानावरच्या पात्याच्या गंजात सोन्याची अक्षरं बसवलेली होती. मी विचारलं, हे काय? भावोजी सहज म्हणाले, "ती परीक्षेची नोंद. दोन धडं. अशी नोंद असली की किंमत चढते."

सतराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, यामानो घराण्यातल्यासारखे परीक्षक देहदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर पाती चालवून पाहत, आणि एका घावात किती धडं तुटली ते सोन्यानं कोरून घेत. मी चहाचा कप खाली ठेवला. लवंगेची फुलं, वाहती वाळू, वीज, आणि दोन धडं. चौथी गोष्ट पहिल्या तिघींच्याच सुरात छापलेली.

रत्नकरंडक श्रावकाचार आमच्याकडे चातुर्मासात वाचतात. त्यात हिंसादानाच्या यादीत कुऱ्हाड, कुदळ, अग्नी यांच्याबरोबर तलवारही आहे: अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊ नये. मग त्सुबा द्यावा का? भोक नसतं तर मी लगेच 'हो' म्हटलं असतं. आणि शब्दांबद्दल बोलायचं तर मी कोणत्या तोंडानं बोलू? आम्हीही 'काप' म्हणत नाही. पण एक फरक मला दिसतो. आईनं तो शब्द बंद केला तो विळीवरचा हात जरा थबकावा म्हणून. कॅटलॉगमधली फुलं हात थबकू नये म्हणून आहेत.

तरी त्या फुलांच्या भाषेचे उपकारही सांगितले पाहिजेत. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकी फौजांनी जपानभरच्या तलवारी गोळा केल्या. कितीतरी नष्ट झाल्या, कितीतरी सैनिकांच्या सामानातून परदेशी गेल्या. होन्मा जुंजी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही शस्त्रं नव्हेत, कला आहे, असं पटवून दिलं म्हणून उत्तम पाती वाचली. १९४८ साली कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्थाच निघाली. आज जपानात प्रत्येक पात्याला सरकारी नोंदणीचा कागद लागतो. सुट्या त्सुबाला काही लागत नाही. कायद्यालाही तो दागिनाच वाटतो.

भावोजी आपल्या संग्रहाची पुस्तिका काढताहेत. "दोन पानं प्रस्तावना लिहा वहिनी, तुमची नजर चांगली आहे," म्हणाले. मी लिहिली. लोखंडी त्सुबांची मनापासून स्तुती केली, भोकावर एक परिच्छेद लिहिला, आणि शेवटी त्या सोनेरी अक्षरांवर चार ओळी. त्यांनी त्या चार ओळींवर काट मारली. पुस्तिका त्सुबांची, तिथे पात्याचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. मी त्या पुन्हा लिहून दिल्या. पुस्तिका अजून छापायची आहे.