महानगरीय रसिकता आणि तमाशा : संगमनेरच्या संदर्भातून एक विचार

प्रास्ताविक

नाटक, संगीत आणि उत्सव यांची जी विपुलता महानगरात लाभते ती तालुक्याच्या गावी लाभत नाही, हे सर्वमान्य आहे. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव, दादरचे शिवाजी मंदिर, १९७८ पासून जुहू येथे चालणारे पृथ्वी थिएटर, १९९९ मध्ये आरंभ झालेला काळा घोडा महोत्सव ही नावेच त्याची साक्ष देतात. संगमनेर परिसरातून उच्च शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी महानगरात गेलेला तरुण या वैभवाने दिपून जातो आणि आपल्या गावाकडे पाहण्यासारखे काहीच नव्हते, असे मानू लागतो. या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महानगरातील कलास्वाद हा केवळ उपलब्धतेचा प्रश्न नाही. तो प्रेक्षक आणि कलावंत यांच्यातील नात्याचा प्रश्न आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संगमनेरहून शहराकडे

संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हे उत्तर पेशवाईतील अग्रगण्य शाहीर. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तमाशाचा आनंद घ्यावा, पण त्याला प्रतिष्ठा देऊ नये, ही समाजाची जुनी द्विधा वृत्ती तीतून व्यक्त होते.

पुढे संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाई मुंबईच्या रंगमंचावर गाजल्या. तमाशातील पहिल्या स्त्री कलावंत म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. ब्राह्मण घराण्यातील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), आणि महार समाजातील पवळाबाई यांच्या जोडीने मुंबईच्या श्रमिक वस्तीला वेड लावले. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेली रक्कम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ती महार स्त्रियांना नाचवून मिळवलेली आहे या कारणास्तव, नाकारल्याची आठवण सांगितली जाते. प्रेक्षागृहात बसून मिळणाऱ्या आनंदाची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न या नकारात सामावलेला आहे. महानगरीय रसिकतेच्या समीक्षेत तो क्वचितच विचारला गेला.

'तमाशा' ते 'लोकनाट्य'

स्वातंत्र्योत्तर काळात पांढरपेशा प्रेक्षकाने तमाशाचा स्वीकार केला तो मुख्यतः 'लोकनाट्य' या नावाखाली. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये रंगभूमीवर आले. गण, गवळण, बतावणी आणि वग हा साचा नाट्यगृहातील आरामखुर्चीपर्यंत पोहोचला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात सादर झालेल्या विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने लोकपरंपरेतील अनेक घटक एकत्र आणून सत्तेची भेदक चिकित्सा केली. या नाटकांचे कलात्मक मूल्य वादातीत आहे. तथापि त्यांच्या यशाचा एक परिणाम नोंदवणे आवश्यक ठरते. आकृतिबंध शहरात आला. तो घडवणारा कलावंत मात्र राहुटीतच राहिला. शहरी प्रेक्षकाला बतावणीची लज्जत कळली, परंतु पुणे–नाशिक मार्गावरील नारायणगावात यात्रांच्या हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी देतात आणि त्या काही दिवसांच्या व्यवहारावर फडाचे वर्ष अवलंबून असते, हे त्याला जाणून घ्यावेसे वाटले नाही.

गिरणगावचा अपवाद

याला एक महत्त्वाचा अपवाद आढळतो, आणि तोही महानगरातच. लालबाग-परळच्या गिरणगावात गावाकडून आलेला कामगार प्रेक्षकही होता आणि निर्माताही. लालबागच्या हनुमान थिएटरात फड रंगत असत. परळचे १९२२ मध्ये उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह हे कामगार रंगभूमीचे हक्काचे घर होते. गणेशोत्सवातील नाटके चाळीतलीच माणसे बसवीत. 'विच्छा'चे नायक दादा कोंडके याच वातावरणात घडले. येथील रसिकता उपभोगाची नव्हती, सहभागाची होती. समोरचा नट उद्या आपल्याच खात्यात साच्यावर उभा राहणार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांबरोबर ही रसिकताही ओसरली. २०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत रंगकर्मी अग्रभागी होते. नाट्यगृहाला केवळ सोय न मानता आपली मिरास मानणारा प्रेक्षक किती उरला आहे, याचा विचार त्या निमित्ताने व्हावयास हवा होता.

ग्रामीण आस्वादाची मर्यादा

अर्थात या विवेचनावरून गावच्या जत्रेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. जत्रेतील तमाशाचा प्रेक्षकवर्ग दीर्घकाळ प्रामुख्याने पुरुषांचाच राहिला. फडातील स्त्रीला टाळ्या मिळाल्या, सन्मान मात्र मिळाला नाही. याउलट महानगरातील तिकीट कोणाची जात विचारीत नाही. एकटी स्त्री रात्रीचा प्रयोग पाहून निर्धास्तपणे घरी परतू शकते, हे महानगराचेच देणे आहे. अनोळखी असण्यातले हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. मात्र ते प्रेक्षकाला जबाबदारीतूनही मुक्त करते. तिकिटाचे पैसे दिले की कलावंताशी असलेला संबंध संपला, ही धारणा याच मुक्ततेतून बळावते.

या धारणेची कसोटी करोनाकाळात लागली. २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या वर्षी चैत्र-वैशाखातील यात्रा रद्द झाल्या आणि फडांचा हंगाम बुडाला. २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे कांताबाई सातारकर यांचे करोनाने निधन झाले. तुकाराम खेडकरांच्या फडातून पुढे आलेल्या, वगनाट्यात छत्रपती शिवाजी महाराजांसारख्या पुरुष भूमिका समर्थपणे उभ्या करणाऱ्या आणि पतीच्या निधनानंतर स्वतःचा फड उभारणाऱ्या या कलावतीस राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार लाभला होता. परंतु त्यांचे वग कोणत्या पाठ्यक्रमात आले? त्यांच्या भूमिकांची समीक्षा कोणत्या नियतकालिकात झाली? 'घाशीराम'वर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यापीठीय अभ्यासकांनी या प्रश्नांना सामोरे जाणे अगत्याचे आहे.

समारोप

महानगरातील उत्सव आणि रंगभूमी यांचा आनंद घेणे गैर नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी तो भरभरून घ्यावा. मात्र शिवाजी मंदिरात बसलेल्या विद्यार्थ्याला हिवरगावची पवळाबाई ठाऊक असेल, तर समोरच्या प्रयोगामागे उभ्या असलेल्या माणसांचे भान त्याला राहील. हे भान महानगर त्याला देणार नाही. ते देण्याचे काम येथील महाविद्यालयांचे आहे. फडांच्या वगांच्या हस्तलिखित वह्या, ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती, ढोलकीवादकांच्या बोलांचे ध्वनिमुद्रण ही सामग्री आपल्या वर्गापासून फार दूर नाही. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. ही पिढी गेल्यानंतर ते करावयाचे ठरवले, तर हाती केवळ आख्यायिका उरतील.