जैवपटल व रोगकारकता : एका समजुतीची समीक्षा

कॉस्टरटन, स्ट्युअर्ट व ग्रीनबर्ग यांनी 1999 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जैवपटल हे चिवट संसर्गाचे सामान्य कारण असल्याचे मांडले. त्यांचा भर चिवटपणावर होता; आपल्या अध्यापनात मात्र त्याचा अर्थ 'अधिक घातक' असा घेतला जातो. (प्रस्तुत लेखकानेही वर्गात तसेच सांगितले आहे.)

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षे टिकणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसा जीवाणूत अल्जिनेटचे आवरण वाढते. परंतु पुष्कळदा कशाभिका नाहीशी होते व लासआर जनुकातील उत्परिवर्तनामुळे विषारी स्राव घटतात. गुडमन व सहकाऱ्यांचे 2004 मधील संशोधन येथे अधिक बोलके ठरते. रेटएस हे प्रथिन निकामी झाल्यास जैवपटल वाढते, पण यजमान पेशीत विष सोडणारी तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा मंदावते. म्हणजे एकच नियंत्रक दोहोंना विरुद्ध दिशांना वळवितो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधील एजीआर यंत्रणाही विषनिर्मितीस चालना देते आणि जैवपटल विस्कटविते.

तथापि सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. या रुग्णांच्या फुप्फुसाची हानी बव्हंशी त्यांच्याच न्यूट्रोफिल पेशींच्या अखंड प्रतिसादातून होते. त्यामुळे प्राण्यांवरील अल्पकालीन प्रयोगांत मृत्यूवरून रोगकारकता मोजण्याची रूढ पद्धत अशा संसर्गाबाबत अपुरी पडते.