मानसोपचाराचे गुणवत्ता-परीक्षण : वैधतेचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. 2022 मध्ये तेथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. सिमेंटची परीक्षा घेण्याची रीत ठरलेली आहे. एक भाग सिमेंट व तीन भाग प्रमाणित वाळू यांचे घन घडवितात, ते 28 दिवसांनी यंत्राखाली दाबून फोडतात. 43 ग्रेडच्या सिमेंटने दर चौरस मिलिमीटरला निदान 43 न्यूटन दाब सोसला पाहिजे. ही कसोटी मुकुटबनला जितकी खरी, तितकीच चेन्नईलाही. याच तालुक्यात कोलामांचे पोड आहेत, आणि वऱ्हाडी, कोलामी, गोंडी व तेलुगू या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. तेथील खिन्न मनुष्यावर केलेल्या उपचाराची परीक्षा मात्र भाषेवाचून होऊच शकत नाही. हा भेद दृष्टीआड झाला म्हणजे कारखान्यातील परिभाषा दवाखान्यात जशीच्या तशी येते. त्यातून उत्पन्न होणाऱ्या गोंधळाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'व्हॅलिडेशन' हा इंग्रजी शब्द येथे दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. गुणवत्ता-हमीच्या क्षेत्रात त्याचा अर्थ वैधता-परीक्षण, म्हणजे जे मोजावयाचे तेच साधन मोजते की नाही याची पडताळणी. उपचाराच्या क्षेत्रात, विशेषतः मार्शा लिनेहन यांनी 1993 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत, त्याचा अर्थ रुग्णाची भावना त्याच्या परिस्थितीत समजण्याजोगी आहे हे त्याला प्रांजळपणे जाणवून देणे. मराठीत या दोहोंसाठी 'वैधता-परीक्षण' व 'अनुभव-स्वीकार' असे दोन शब्द वापरणे इष्ट होय. मात्र या दोन कल्पनांचा परस्परसंबंध आहे, आणि तोच आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

या विषयावरील आपल्या जवळचे सर्वांत महत्त्वाचे काम गोव्यात झाले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 495 नैराश्यग्रस्त रुग्णांचा समावेश होता. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत उपचार केले. रुग्णाने सोडून दिलेली अर्थपूर्ण कामे त्याच्याकडून क्रमाक्रमाने पुन्हा सुरू करविणे, हे त्या उपचाराचे सूत्र. तीन महिन्यांनंतर उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्णांची लक्षणे ठरविलेल्या मर्यादेखाली आली. तुलनेच्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. तज्ज्ञांचा दुष्काळ असलेल्या जिल्ह्यांना हा निष्कर्ष निश्चितच आशादायक आहे.

बैठकीचा दर्जा पाहावा कोणी, हा पुढचा प्रश्न. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील संशोधनात बैठकींची 189 ध्वनिमुद्रणे समुपदेशकांनी व तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे ऐकून त्यांना गुण दिले. नैराश्यावरील व मद्यपानावरील उपचारांसाठी दोन निरनिराळ्या मापनश्रेणी तयार केल्या होत्या. तीन क्रमिक कालखंडांत उभयतांच्या गुणांतील अंतर कमी होत गेले. यावरून समुपदेशक एकमेकांचे काम तपासू शकतात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

निष्कर्ष मोलाचा आहे. तथापि त्याची मर्यादा नेमकी ओळखली पाहिजे. दोन परीक्षकांचे एकमत म्हणजे विश्वसनीयता. ती वैधता नव्हे. एकाच शिस्तीत तयार झालेले दोघे एकच चूकही एकमताने करू शकतात. शिवाय अशी श्रेणी त्या त्या पद्धतीच्या पोटातून जन्मलेली असते. अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना परिचित करून दिलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीत अविवेकी समजुतींचे खंडन हा गुण ठरतो. कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेत तेच खंडन ऐकण्यातील उणीव ठरू शकते. एका पद्धतीच्या मापाने दुसरीला मोजणे म्हणजे तराजूने कापड मोजण्यासारखेच आहे.

समजा, मुकुटबनच्या परिसरातील एखादा कापूस उत्पादक म्हणतो, 'कर्ज फिटत नाही, मला कशातच रस उरला नाही.' कर्ज ही समजूत नसून वस्तुस्थिती आहे. तिचे खंडन करणे निरर्थक होय. परंतु 'म्हणून आता काहीच शक्य नाही' हा त्याचा निष्कर्ष मात्र तपासण्याजोगा आहे. अनुभव-स्वीकार म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक निष्कर्षाला होकार नव्हे. दुःख मान्य करावे व निष्कर्ष तपासावा, हा विवेक ज्या गुणपत्रिकेत दिसत नाही, ती उपचाराचा गाभाच मोजत नाही.

फलनिश्चितीच्या साधनाविषयीही हेच म्हणावे लागेल. गोव्यात वापरलेली नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-9' ही प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली, आणि 2001 मध्ये 6000 रुग्णांच्या आधारे तिची वैधता मांडली गेली. गोव्यातील संशोधकांनी ती आंधळेपणाने उचलली नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच प्रश्नावल्यांची तुलना प्रत्यक्ष मुलाखतीशी करण्यात आली. ही शिस्त अनुकरणीय आहे. परंतु गोव्यात मिळविलेली वैधता झरी-जामणीला वारसाहक्काने मिळत नाही. एकाग्रतेच्या प्रश्नात वर्तमानपत्र वाचण्याचे उदाहरण येते. निरक्षर कोलाम स्त्रीला त्यातून काय बोध व्हावा? वेचणीच्या हंगामातील थकवा हे लक्षण मानावे की श्रमाचे फळ? आणि मृत्यूच्या विचाराविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला होकार आला, तर एकूण बेरीज कितीही लहान असो, त्याच क्षणी मदत मिळाली पाहिजे. बेरजेची वैधता येथे गौण ठरते.

विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबविलेल्या 'विश्राम' या उपक्रमाचे फलित 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेल्याचे आढळले. ही वाढ लक्षणीय आहे, परंतु ती मदतीच्या प्रसाराची आहे. मदतीचा दर्जा तीतून सिद्ध होत नाही. आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी शासनाने 2015 मध्ये आखलेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'सारख्या योजनांचे मूल्यमापन करतानाही हा भेद ध्यानात ठेवावा लागेल.

यावरून तीन अपेक्षा निष्पन्न होतात. एक, प्रश्नावलीची तपासणी त्या त्या बोलीत, बोली जाणणाऱ्या तज्ज्ञाच्या स्वतंत्र मुलाखतीशी ताडून व्हावी. दोन, प्रत्येक उपचारपद्धतीच्या खास श्रेणीबरोबरच अनुभव-स्वीकाराचे एक समाईक अंग असावे, आणि त्यावर सहकारी व तज्ज्ञ यांच्याइतकाच रुग्णाचाही अभिप्राय घ्यावा. तीन, उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांची गणना वगळू नये. उपचारातील उणीव दाखवू शकणारे पुष्कळदा तेच असतात.

सिमेंटचा घन फुटला की परीक्षा संपते, आणि त्याचे त्या परीक्षेविषयी काही म्हणणे नसते. मनुष्याचे असते. ते म्हणणे ऐकून घेणे हा उपचाराचा भाग आहेच. तो वैधता-परीक्षणाचाही भाग मानल्यावाचून गुणवत्तेची हमी देण्याचा अधिकार आपणास प्राप्त होणार नाही.